घरभाड्याला सरकारचा टेकू

संसाराच्या खर्चात घरभाडे ही बाब इतर बाबींहून वेगळी आहे. महिनाअखेर पैसे कमी पडले तर ज्वारी दोन किलो कमी आणता येते, भाजीऐवजी पिठल्यावर भागविता येते, सदऱ्याला ठिगळ लावता येते. औषधसुद्धा माणसे पुढच्या पगारावर ढकलतात. पण तीन भिंतींचे भाडे आज देऊन चौथीचे पुढच्या महिन्यात देतो, असे मालकाला सांगता येत नाही. भाडे द्यावयाचे तर पुरते द्यावे लागते, आणि इतर सर्व खर्चांच्या आधी द्यावे लागते. म्हणून ज्याची मिळकत बेताची, त्याच्या पगारातला पहिला घास मालकाचा असतो आणि उरेल तो मुलांचा.

कामगार चळवळीत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत त्यांना ह्याचा आणखी एक पैलू ठाऊक असतो. वाटाघाटी करून, प्रसंगी संप करून पगारवाढ पदरात पाडावी, आणि वर्ष उलटते न उलटते तोच तिचा मोठा हिस्सा वाढलेल्या भाड्यात जावा, असे घडते. तेव्हा मजुरीचा प्रश्न आणि भाड्याचा प्रश्न ह्या एकाच दोरीच्या दोन टोकांच्या गाठी आहेत. एक गाठ सोडवून दुसरी तशीच ठेवली तर दोरी मोकळी होत नाही.

ह्या बाबतीत सरकारने काय करावे? जगात आजवर तीन मार्ग चोखाळले गेले. पहिला, कायद्याने भाडे बांधून देण्याचा. ह्यात भाडेकरूला मिळणारी सवलत मालकाच्या उत्पन्नातून जाते. दुसरा, सरकारने किंवा नगरपालिकेने स्वतः घरे बांधून ती माफक भाड्याने देण्याचा. तिसरा मार्ग असा की घर खासगी मालकाचे, भाडे बहुधा बाजाराचे, पण भाडेकरू गरीब असेल तर त्याच्या भाड्याचा काही भाग सरकारी तिजोरीतून भरावयाचा. पहिले दोन मार्ग आपल्याकडे परिचयाचे आहेत. तिसऱ्याची माहिती फार थोड्यांना आहे. तो कसा चालतो, त्यात कोणाचे भले होते आणि कोठे फसगत होते, हे येथे सांगावयाचे आहे. त्यासाठी आम्ही मुख्यतः ब्रिटनचे उदाहरण घेतो. कारण त्या देशाने हे तीनही मार्ग एकामागून एक वापरून पाहिले, आणि त्यांपैकी पहिल्याचे धागेदोरे थेट मुंबईपर्यंत येऊन पोचले.

आरंभ १९१५ सालचा आहे. पहिले महायुद्ध चालू होते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात क्लाइड नदीकाठच्या गोद्यांत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामासाठी हजारो माणसे लोटली. घरे तेवढीच, माणसे जास्त; मालकांनी भाडी वाढविली. घरातले पुरुष रणांगणावर किंवा कारखान्यात असल्यामुळे लढा उभारला तो स्त्रियांनी. गोव्हन भागातील मेरी बार्बर ह्या त्यांच्या पुढारी. वाढीव भाडे द्यावयाचे नाही असे ठरले. जप्तीला किंवा घर खाली करावयाला बेलीफ आला की जिन्यावरची बाई घंटा वाजवी, आणि आळीतल्या सगळ्या बाया हातचे काम टाकून त्याची वाट अडवीत. नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबे ह्या लढ्यात सामील झाली. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी अठरा भाडेकरूंना न्यायालयात हजर व्हावयाचे होते. त्या दिवशी गोद्यांतल्या कामगारांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते मोर्चाने न्यायालयावर गेले. खटले मागे घेतले गेले. डिसेंबर संपण्यापूर्वी पार्लमेंटने कायदा करून लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीला बांधून टाकली. भाड्यावरील सरकारी अंकुशाचा ब्रिटनमधील जन्म हा असा झाला.

तीनच वर्षांनी, १९१८ साली, मुंबईत युद्धकाळाचा म्हणून भाडेनियंत्रणाचा कायदा आला. पुढे १९४७ सालचा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा झाला आणि त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीची भाडी हे प्रमाण धरले. त्या कायद्याने गिरणगावातील आणि गिरगावातील असंख्य कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले, हे विसरता येणार नाही. परंतु भाडे ज्या अंकावर थांबले त्या अंकावर गवंड्याची मजुरी आणि सिमेंटचा भाव थांबत नाहीत. मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळींना लाकडी टेकू लागले, आणि अखेर १९६९ साली कायदा करून उपकर बसवून दुरुस्तीचे काम सरकारी मंडळाकडे घ्यावे लागले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे कायमचे गोठविणे आता वाजवी राहिलेले नाही असा निर्णय दिला. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाड्यात दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. पहिल्या मार्गाचे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही ह्या इतिहासात दिसतात.

ब्रिटनमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आणि विशेषतः १९४५ नंतर दुसरा मार्ग जोराने हाती घेतला गेला. नगरपालिकांनी लाखो घरे बांधली. खासगी घरांपुरती १९६५ च्या कायद्याने ‘उचित भाड्या’ची पद्धत आणली. सरकारी भाडे-अधिकारी घर पाहावयाचा, त्याचे वय, जागा आणि अवस्था लक्षात घ्यावयाचा आणि भाडे ठरवून द्यावयाचा. केवळ टंचाई आहे म्हणून चढलेली किंमत हिशेबात धरावयाची नाही, असा दंडक होता. ह्या पायावर १९७२ सालच्या कायद्याने तिसरा मार्ग देशभर सुरू केला. खासगी घरात राहणाऱ्या कमी मिळकतीच्या भाडेकरूलाही भाड्यासाठी सरकारी भत्ता मिळू लागला. १९८२ च्या कायद्याने निरनिराळ्या सवलती एकत्र करून तिला ‘हाउसिंग बेनिफिट’ हे नाव दिले आणि वाटपाचे काम स्थानिक पालिकांकडे सोपविले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी भाड्याला दोन्ही बाजूंनी आधार होता. एकीकडे भाडे-अधिकारी भाडे फार चढू देत नव्हता, आणि दुसरीकडे उरलेले भाडेही ज्याला झेपत नसे त्याला भत्ता मिळत होता. सरकारचा पैसा खर्ची पडत होता, पण किती पडावा ह्याला लगाम होता.

हा लगाम १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने काढून घेतला. जानेवारी १९८९ पासून होणाऱ्या नव्या खासगी भाडेकरारांना बाजारभाव मोकळा झाला. त्याआधी १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या घरांत राहणाऱ्यांना ती घरे सवलतीने विकत घेण्याचा हक्क मिळाला होता. इंग्लंडात अशी सुमारे वीस लाख घरे पुढे विकली गेली, आणि त्या मानाने नवी फार थोडी बांधली गेली. मग भाडी वाढली तर गरिबाने काय करावे? गृहनिर्माणमंत्री सर जॉर्ज यंग ह्यांनी १९९१ साली पार्लमेंटात ह्याचे उत्तर दिले. ज्यांना बाजाराचे भाडे परवडणार नाही त्यांचा भार हाउसिंग बेनिफिट वाहील, असा त्याचा आशय होता.

तो भार किती वाढला? आज ब्रिटनमध्ये सर्व प्रकारच्या भाडेकरूंच्या भाड्याला मिळून सरकार वर्षाकाठी सुमारे तीस अब्ज पौंड देते. ह्यात एक विपरीत प्रकार आहे. नगरपालिकेने विकलेली पुष्कळ घरे पुढे खासगी मालकांच्या हाती गेली आणि त्यांनी ती भाड्याने लावली. एकेकाळी पालिका जे घर स्वस्त भाड्याने देत असे, त्याच घराच्या चढ्या भाड्यासाठी आता सरकार गरीब भाडेकरूच्या नावाने मालकाला पैसे पुरविते. गाय विकली आणि तिचेच दूध रोज विकत घेतले, त्यातला हा प्रकार.

खर्च वाढला तेव्हा सरकारने भाड्याला हात न लावता मदतीला हात घातला. तो कसा, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. २००८ पासून खासगी भाडेकरूंसाठी नवी पद्धत आली. एखाद्या विभागातील भाड्याची घरे स्वस्तापासून महागापर्यंत एका रांगेत उभी केली आहेत अशी कल्पना करा. शंभर घरे असतील तर मधल्या, म्हणजे पन्नासाव्या घराचे भाडे ही मदतीची कमाल मर्यादा. २०११ पासून ही मर्यादा पन्नासाव्या घरावरून तिसाव्या घरावर आणली. म्हणजे शंभरांतील तीस घरेच गरिबाच्या आवाक्यात राहिली. एवढ्यावरही थांबले नाहीत. २०१६ ते २०२० अशी चार वर्षे मदतीचे आकडे गोठवून ठेवले. भाडी मात्र वाढत राहिली. एप्रिल २०२० मध्ये आकडा पुन्हा तिसाव्या घरापाशी आणला आणि पुन्हा गोठविला. एप्रिल २०२४ मध्ये परत तसेच केले, आणि २०२५ साली वाढ दिली नाही.

ह्याचा अर्थ घरात काय होतो? समजा, विभागाचा बांधलेला आकडा महिना ६०० पौंड आहे आणि भाडेकरूचे भाडे ७०० पौंड झाले. सरकार सहाशेच्या वर एक पैसा देणार नाही. वरचे शंभर पौंड मीठ-भाकरीच्या पैशातून जातात. आकडा जितकी वर्षे गोठलेला, तितकी ही खाच खोल होते. मुंबईत १९४७ नंतर भाडे गोठले आणि इमारत खचली. ब्रिटनमध्ये २०१६ नंतर मदत गोठली आणि भाडेकरू खचला.

दुसरा मुद्दा मिळकतीचा. मदत गरजूला द्यावयाची, म्हणजे मिळकत वाढली की मदत कमी व्हावयाची, हे ओघानेच आले. २०१३ पासून ब्रिटनमध्ये काम करावयाच्या वयातील लोकांची भाड्याची मदत हळूहळू ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ह्या एकत्रित योजनेत घातली गेली. सध्या काही कुटुंबांना आरंभीची थोडी मिळकत माफ असते. त्यापुढे हाती येणाऱ्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स मदत कापली जाते. संघटनेने झगडून शंभर पौंड वाढ मिळविली तर अशा कामगाराच्या घरात पंचेचाळीस पौंड पोचतात. काम न करणारालाच अशी मदत लागते, हा समज खोटा आहे. ब्रिटनमध्ये नोकरी करून, घाम गाळून ही मदत घ्यावी लागणारी कुटुंबे लाखांनी मोजावी लागतात. जेथे पगार घरभाड्याला पुरत नाही तेथे मदतीचा काही भाग मालकाला जसा जातो, तसा कमी पगार देणाऱ्या कारखानदारालाही अप्रत्यक्षपणे जातो. म्हणून अशी योजना आली की मजुरीचा लढा संपला, असे कोणत्याही कामगाराने समजू नये.

तिसरा मुद्दा अप्रतिष्ठेचा. सरकारी मदत घेणारा भाडेकरू आम्हाला नको, असे ब्रिटनमधील मालक आणि दलाल उघड जाहिरातीत लिहीत. जुलै २०२० मध्ये यॉर्क येथील काउंटी न्यायालयाने अशी सरसकट बंदी बेकायदेशीर ठरविली, कारण तिचा फटका मुख्यतः स्त्रियांना आणि अपंगांना बसतो. इंग्लंडात २०२५ साली भाडेकरूंच्या हक्कांचा नवा कायदा झाला, त्याने हा भेदभाव स्पष्टपणे मना केला आणि कारण न देता घर खाली करवून घेण्याची पद्धत बंद करण्याचे ठरविले. हातात पैसा असला तरी दार उघडतेच असे नाही, हे कायद्याला कळावयास इतकी वर्षे लागली.

आता अमेरिकेकडे एक दृष्टिक्षेप टाकू, कारण तेथे एक वेगळाच धडा आहे. १९७४ साली गृहनिर्माण कायद्यात घातलेल्या आठव्या कलमाने तेथे गरीब भाडेकरूंना मदत सुरू झाली. आज ती मुख्यतः ‘व्हाउचर’ म्हणजे हमीपत्राच्या रूपाने मिळते. कुटुंबाने आपल्या मिळकतीच्या साधारण तीस टक्के भाड्यात घालावे, ठराविक मर्यादेपर्यंतचे बाकीचे सरकार मालकाला परस्पर देते, आणि त्याआधी घर राहण्याजोगे आहे की नाही ह्याची तपासणी होते. योजना चांगली आहे. पण ब्रिटनमध्ये पात्र ठरणाऱ्याला मदत मागण्याचा हक्क आहे, तसा अमेरिकेत नाही. काँग्रेस जितका पैसा मंजूर करील तितकीच हमीपत्रे. सुमारे तेवीस लाख कुटुंबांना ती मिळतात. परंतु घरासाठी सरकारी मदत मिळण्यास पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी सर्व योजना मिळून साधारण एकालाच ती लाभते. उरलेली तीन प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे बसतात, किंवा चिठ्ठ्या टाकून यादीत नाव येण्याची वाट पाहतात. चौघे उपाशी असता एकाच्या पानात वाढावे आणि तिघांनी पाहत राहावे, असा हा न्याय आहे.

कोणी म्हणेल, सगळ्यांनाच पैसे दिले तर मालक तेवढे भाडे वाढवतील आणि मदत त्यांच्याच घरी जाईल. ही शंका रास्त आहे, आणि तिची परीक्षाही झाली आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकन सरकारने ग्रीन बे आणि साउथ बेंड ह्या दोन गावांच्या परिसरात प्रत्येक पात्र कुटुंबाला भाडेभत्ता देऊन पाहिला. भाडी फारशी वाढली नाहीत. बहुतेक कुटुंबांनी घर बदलले नाही. हाती आलेल्या पैशाने त्यांनी भाड्याचा बोजा हलका केला. साउथ बेंडमध्ये तर १९६३ साली मोटारीचा मोठा कारखाना बंद पडून कामगार पांगले होते, आणि घरांना तोटा नव्हता. उलट फ्रान्समध्ये अर्थशास्त्रज्ञ गाब्रिएल फाक ह्यांनी २००६ साली केलेल्या अभ्यासात असे आढळले की मदतीत वाढलेल्या एका युरोपैकी सुमारे ७८ सेंट भाडेवाढीत जातात. दोन देशांत दोन निष्कर्ष, म्हणून गोंधळून जाण्याचे कारण नाही. घरे पुरेशी असतील किंवा नवी उभी राहत असतील तेथे पैसा भाडेकरूच्या हातात टिकतो. घरे तोकडी आणि भाड्याला लगाम नाही, तेथे तो भाडेकरूच्या हातातून मालकाच्या खिशात जातो. भांड्याला खालून भोक असेल तर वरून किती पाणी ओतावे?

मग आपल्याकडे काय आहे? गरीब भाडेकरूला भाड्यासाठी नियमित मदत देणारी, ह्या देशांतल्यासारखी सर्वव्यापी योजना आपल्याकडे नाही. घरभाड्याला सरकारी हात मुळीच नाही असे मात्र नाही. सरकारी नोकराला घरभाडे भत्ता मिळतो. खासगी नोकरीत तो मिळत असेल तर जुन्या करपद्धतीने आयकर भरणाऱ्याला त्यावर सूट मिळते. हा लाभ कोणी घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तो कष्टाच्या नोकरीचा भाग आहे. पण विचार करावा तो असा की ज्याला पगारपत्रक आहे, जो आयकर भरण्याइतका मिळवितो, त्याच्या भाड्याला राज्य हातभार लावते. आणि कंत्राटी सफाई कामगार, धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावरचा बिगारी, ज्यांच्या मिळकतीचा मोठा तुकडा भाड्यात जातो, त्यांच्यासाठी हा हात पुढे येत नाही. २०२० साली केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना जाहीर केली; ती घरे उभारण्याची आहे, भाडे भरण्याची नव्हे.

उद्या आपल्याकडे भाड्याच्या मदतीची योजना आली, तर ती पाहताना चार प्रश्न विचारावेत.

पहिला : ही मदत हक्क आहे की चिठ्ठी? पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला मिळणार, की पैसा संपेपर्यंतच?

दुसरा : भाड्याला लगाम कोण घालणार? निदान मदत घेणाऱ्या घराचे भाडे वाजवी आहे की नाही, हे पाहणारा अधिकारी असेल का?

तिसरा : मदतीचा आकडा महागाईबरोबर आपोआप वाढणार, की मंत्र्याच्या मर्जीने गोठणार?

चौथा : ह्याबरोबर नवी घरे बांधली जाणार आहेत का? की भाडे भरले म्हणजे बांधण्याची जबाबदारी संपली, असे सरकार समजणार?

आणि एक काम योजनेची वाट न पाहता आजच करण्यासारखे आहे. कोणतीही मदत कागदावर मिळते. ब्रिटनमधला भाडेकरू करार आणि भाड्याचा दाखला दाखवितो. आपल्याकडे लाखो भाडेकरूंजवळ ना करार ना पावती. पैसे हातोहात दिले जातात आणि घर तोंडी ठरते. वास्तविक १९९९ च्या कायद्याने भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. मिळालेल्या भाड्याची पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे. हे ज्याला ठाऊक असते त्यालाही एकट्याने मागण्याचे धैर्य होत नाही, कारण पावती मागणाऱ्याला मालक खोली खाली करावयास सांगेल ही धास्ती असते. ग्लासगोच्या बायांना कायदा आपोआप मिळाला नाही. एका जिन्यावरची घंटा वाजली की सगळी आळी बाहेर येत असे, म्हणून मिळाला. पावतीही एकेकट्याने न मागता चाळीने, वस्तीने, संघटनेने मिळून मागावी.

टेकू लावलेल्या इमारती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. टेकू ही वाईट वस्तू नाही. तो वेळेवर लागला तर माणसे वाचतात. पण टेकू लावून वर्षानुवर्षे भिंत तशीच ठेवली तर एक दिवस टेकूही वाकतो. भाड्याची सरकारी मदत हा असा टेकू आहे. तो आपल्या गरिबांना मिळाला पाहिजे, आणि भिंत बांधण्याचे काम त्याच्यासोबत चालू राहिले पाहिजे.